टकला नीलकंठ

लेस्टरमधल्या पद्माकरकाकांच्या घरात रेखाला कोणी नावानं हाक मारत नसे. तिच्यासाठी शिट्टी होती. एक आखूड सूर, मग एक लांब, वर चढत जाणारा. काका मागच्या गार्डनमध्ये पिंजऱ्यापाशी उभे राहून ती वाजवायचे, आणि वरच्या मागच्या खोलीतून रेखा धडधड जिना उतरून यायची.

"हाका मारल्या की शेजारचे गोरे खिडक्या उघडतात," काकांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. "शिट्टी बरी. सभ्य असते."

कुत्र्याला बोलावतात तेवढी सभ्य.

काका एकाहत्तर साली नागपूरहून आलेले. तीस वर्षं केमिस्टचं दुकान चालवलं, मग विकलं. तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष होते आणि मरेपर्यंत राहण्याचा त्यांचा विचार होता. रेखा मेश्रामही नागपूरचीच. नर्स. दोन हजार पाचच्या हिवाळ्यात नर्सिंग होममध्ये नोकरीला लागली आणि खोली शोधत त्यांच्या दारात आली. तिचं आडनाव ऐकून काका थोडं थांबले. "हो का," म्हणाले. मग सुप्रभाकाकूंकडे बघत म्हणाले, "आम्ही इथे ते काही मानत नाही हं."

जे मानत नव्हते ते पुढच्या दोन दिवसांत मांडूनही झालं. रेखाचा मग वेगळा. "तुला पटकन सापडावा म्हणून." रेखाचं दूध-भाजी घरातल्या फ्रिजमध्ये नाही, बाहेरच्या शेडमधल्या फ्रिजमध्ये. त्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात पक्ष्याच्या अळ्यांचे डबे असायचे, जिवंत, भुशात वळवळणाऱ्या. खालच्या कप्प्यात रेखाचं दूध. आणि खोली देतानाची अट एकच, पक्ष्याचं सगळं तिनं बघायचं.

पक्षी म्हणजे काकांचा नीलकंठ.

नागपूरकडे दसऱ्याला नीलकंठ दिसला की वर्ष चांगलं जातं. लोक सकाळी मुद्दाम गावाबाहेर जातात, तारांवर बघतात. लेस्टरच्या तारांवर बसणार काय, तर कबुतरं. म्हणून काकांनी कुठल्याशा पक्षी पाळणाऱ्याकडून एक निळा पक्षी आणवला, मागच्या अंगणात माणूस उभा राहील एवढा जाळीचा पिंजरा बांधला, आणि दर दसऱ्याला मंडळाची पंचवीस-तीस माणसं दर्शनाला यायला लागली. आयटीतले पोरगे रांगेत उभे राहून पक्ष्याला नमस्कार करायचे. एकीला नमस्कारानंतर आठवड्यात प्रमोशन मिळालं. मग काय, रांग वाढली.

तो नीलकंठ नव्हता. रेखानं पहिल्याच दिवशी ओळखलं. खरा नीलकंठ तिनं शंभरदा पाहिला होता, मोठ्या डोक्याचा, मातकट छातीचा, तारेवर येड्यासारखा गप्प बसलेला, उडाला की मग पंखांतून निळं उधळणारा. हा अमेरिकेतला होता. ब्लू जे म्हणतात तो. डोक्यावर टोकदार तुरा, पोट राखी-पांढरं, गळ्याभोवती काळी पट्टी, कोणी काजळाचं बोट फिरवल्यासारखी. पंखांवर निळ्यात काळ्या बारीक आडव्या रेघा आणि पांढरे ठिपके. दिसायला देखणा होता, नाही कशाला म्हणा. आणि गप्प तर एक मिनिट बसत नव्हता. काकांनाही बहुतेक ठाऊक असावं. पण अध्यक्षानं एकदा नीलकंठ म्हटलं की नीलकंठ. ज्या घरात आपलं दूध अळ्यांखाली असतं तिथं पक्षी कुठला, हे सांगायला जाऊ नये.

मनात ती त्याला निळ्या म्हणायची. निळ्या डांबिस होता. शेंगदाणा दिला की चोचीनं टोचून बघायचा, हलका असला तर फेकून द्यायचा, जड असला तर घेऊन कोपऱ्यात मातीत पुरायचा. वर वाळकं पान ठेवायचा. पुरताना रेखा बघते आहे असं दिसलं की दाणा परत उकरायचा आणि ती वळली की दुसरीकडे लपवायचा. राग आला की तुरा ताठ, मन लागलं की तुरा सपाट. जाळीबाहेरच्या फीडरवर चिमण्या जमल्या की हा ससाण्याचा आवाज काढायचा, असा हुबेहूब की चिमण्या जीव घेऊन पळायच्या. त्यांचं खाणं याला मिळणार नसायचं. तरी काढायचा. काकांना ते फार आवडायचं. "बघ, बसल्या जागी सगळ्यांना हलवतो," ते म्हणायचे.

उन्हाळ्यात निळ्या काकांची शिट्टी शिकला.

पहिल्यांदा रेखा अंघोळ अर्धी टाकून, ओल्या केसांनी खाली आली. अंगणात कोणी नव्हतं. पिंजऱ्यातून निळ्या मान वाकडी करून तिच्याकडे बघत होता. त्या आठवड्यात ती सतरा वेळा फसली. न फसून चालत नव्हतं. पक्षीच असेल म्हणून ती एकदा बसून राहिली आणि शिट्टी काकांची निघाली. दुसऱ्या दिवशी तिचं दूध बाहेर उन्हात ठेवलेलं सापडलं. तेव्हापासून शिट्टी कोणाचीही असो, ती उतरायची.

हे सगळं ती सोसत होती ते कस्तुरीसाठी.

कस्तुरी तिची मुलगी, आठ वर्षांची. नवरा गेल्यावर रेखा तिला आईपाशी ठेवून आली होती. मार्चमध्ये आईला अर्धांगवायू झाला, मग बहिणीनं, मधुमतीनं, पोरीला नेलं. आणि मधुमतीच्या नवऱ्याची बदली गडचिरोलीकडे आतल्या गावात झाली.

"दिवाळीपर्यंत ठेवतो," मधुमती फोनवर म्हणाली. "पुढं होस्टेलात टाकावी लागेल, रेखा. मी काय करू, तूच सांग."

"टाकू नको वो ताई. मी आणतो ना इकडं."

"कधी आणशील? वर्ष झालं आणतो आणतो म्हणून रायली."

व्हिसाला एक कागद कमी पडत होता. घरमालकाचं पत्र, की या खोलीत मुलगी राहायला आमची हरकत नाही. चार ओळी. रेखानं कामाच्या जागी टाइप करून प्रिंट काढली होती. दीड महिना ते पत्र प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये पडून होतं. खाली सहीची जागा कोरी. दुसरी खोली शोधावी, तर लहान मूल म्हटलं की लोक दारातूनच परत पाठवत.

"दसरा नीट पार पडू दे," काका म्हणत. "मग बघू. मला आता डोक्याला नवीन विषय नकोय."

दसरा दोन ऑक्टोबरला होता. आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निळ्याला टक्कल पडलं.

पिसं झडतात हे रेखाला माहीत होतं. ऑगस्टपासून ती रोज झाडत होती, पंखांची, शेपटीची, एकेक करून. पण डोक्याची सगळी एकदम गेली. एका सकाळी बघते तर तुरा गायब, मान गायब, काळपट सुरकुतलेली कातडी, त्यात कानाची भोकं उघडी आणि डोळे बाहेर आल्यासारखे. खाली अंग राजाचं, वर डोकं गिधाडाचं. खात होता, ओरडत होता, बरा होता. नुसता भयाण दिसत होता.

काका ड्रेसिंग गाऊनमध्ये बाहेर आले आणि जागीच थिजले.

"काय केलंस तू याला?"

"काही नाही काका. पिसं झडतात यांची. येतील पंधरा दिवसांत."

"मागच्या वर्षी नाही झालं असं!"

"मागच्या वर्षी लवकर झालं असेल. यंदा उशीर—"

"मागच्या वर्षी तू नव्हतीस," काका म्हणाले.

सुप्रभाकाकू दारातूनच पुटपुटल्या, "मी म्हणत होते. देवाच्या गोष्टीला कुणाचाही हात लागला की..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. असली वाक्यं कधी पुरी करत नाहीत. ऐकणाऱ्यानंच करून घ्यायची असतात.

"तीस माणसं येणार आहेत," काका म्हणाले. "दोन तर मँचेस्टरहून. याचं काहीतरी कर. नाहीतर ते पत्र घेऊन दुसरं घर बघ."

काय करणार? रेखानं अळ्या वाढवल्या, उकडलेलं अंडं कुस्करून घातलं. रोज सकाळी त्या काळ्या डोक्याकडे ती डोळे ताणून बघायची. चौथ्या दिवशी कातडीतून बारीक काट्यांसारखी टोकं आली. करडी. तेवढीच.

दसऱ्याच्या दिवशी तिनं सकाळी नागपूरला फोन लावला. त्या वर्षी दीक्षेला पन्नास वर्षं होत होती, आणि मधुमती पोरीला घेऊन दीक्षाभूमीवर होती. फोनमधून आधी नुसता माणसांचा गजर आला, समुद्रासारखा. मग त्यातून कस्तुरीचा आवाज.

"मम्मी! इथं पाय ठेवाले जागा नाही! सगळे आपलेच हायेत!"

"हात सोडू नको मावशीचा."

"तू कधी बलावतं मले?"

"आज कागदावर सही होते, बाळा. आज होते म्हणजे होते."

दुपारी चारला खालून शिट्टी आली. काकांची होती.

शेडमध्ये काका टेबलाशी बसले होते. समोर बिस्किटांचा टिनचा डबा. उन्हाळाभर झडलेली पिसं रेखानं त्यात साठवली होती, कस्तुरीला द्यायला. काकांनी डबा तिच्या खोलीतून आणला होता. शेजारी कवळी बसवायच्या पेस्टची गुलाबी ट्यूब.

"ही तोंडात चालते, म्हणजे डोक्याला काय होणार?" तीस वर्षांचा केमिस्ट बोलला. "पकड त्याला. मी चिकटवतो."

"काका, त्याला नवीन पिसं फुटतायत. त्यांत रक्त असतं. फार दुखेल."

"तुला पत्र हवंय ना?"

रेखानं पक्षी पकडला. हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही, तिनं पकडला, आणि नीट पकडला. रोग्याला धरतात तसा, पंख अंगाशी दाबून, मान दोन बोटांत. निळ्याचं काळीज तिच्या तळहातात असं धडधडत होतं की ठोके मोजता येत नव्हते. काका चिमट्यानं एकेक पीस पेस्टमध्ये बुडवून त्या कोवळ्या काट्यांवर दाबत होते. दोन काटे मोडले, रक्ताचे थेंब आले, काकांनी टिश्यूनं टिपले. निळ्यानं रेखाच्या अंगठ्यावर चोच मारली, मांस दिसेपर्यंत. तिनं हात हलू दिला नाही.

अर्ध्या तासात पक्ष्याला तुरा आला. जरा वाकडा. पण लांबून चाललं असतं.

साडेपाचला माणसं आली. साड्या, कुर्ते, वर फ्लीसची जॅकेटं. आपटा नाही म्हणून सोनेरी गिफ्ट पेपरची कापलेली पानं एकमेकांना देत होती. हवा ओली होती, पाऊस पडतोय की नाही कळत नव्हतं. काका पिंजऱ्यापाशी उभे राहून नीलकंठाचं माहात्म्य सांगत होते. रेखा किचनमध्ये बटाटेवडे तळत होती. तळायला चालायची ती, वाढायला काकू.

बाहेर शिट्टी झाली. एक आखूड, एक लांब. रेखा झारा तसाच हातात घेऊन धावत अंगणात आली.

काका शिट्टी वाजवत नव्हते. काका बोलत होते. तिला झाऱ्यासकट उभी बघून ते थांबले, पक्ष्याकडे बघितलं, आणि हसत सुटले.

"बघितलंत? यानं वाजवली आणि ही आली! दोघं तयार केलीत मी!"

तीसच्या तीस माणसं हसली. देवयानी नावाची एक बाई कॅमकॉर्डरवर शूट करत होती, तिनं कॅमेरा रेखाकडे वळवला. "परत, परत एकदा! काका, त्याला परत वाजवायला लावा ना!" झाऱ्यातून तेल रेखाच्या चपलेवर ठिबकत होतं. निळ्यानं परत वाजवली. हसणं दुप्पट झालं.

आणि त्या गडबडीनं बिचकून निळ्यानं डोकं फांदीवर घासलं. एकदा, दोनदा. ओल्या हवेत पेस्ट सुटली होती. तुरा सरकला, कपाळावरून खाली आला आणि चोचीवरून लोंबायला लागला. मागे काळं डोकं, त्यावर गुलाबी चिकट लोळ आणि रक्त.

एक लहान मुलगी किंचाळली. हसणं थांबलं.

"ओह माय गॉड," देवयानी म्हणाली. कॅमेरा चालूच होता. "याला काय लावलंय? कोणी केलंय हे?"

"थांबा, थांबा हं. बघतो मी." काका रेखाच्या दंडाला धरून तिला आत घेऊन आले. दंडाला धरलं. वर्षभरात पहिल्यांदा त्या माणसानं तिला हात लावला.

"तू केलंस म्हणून सांग," ते हलक्या आवाजात म्हणाले. घामाघूम झाले होते. "पिसं झडली म्हणून तू घाबरलीस आणि तूच चिकटवलंस. मला माहीत नव्हतं. कळलं?"

रेखानं गॅस बंद केला. झारा खाली ठेवला.

"आधी सही," ती म्हणाली.

"काय?"

"पत्र माझ्या पर्समध्ये आहे. पेन फ्रिजवर आहे. आधी सही, मग सांगते."

काकांनी तिच्याकडे बघितलं. बाहेर देवयानीचा आवाज चढत होता. त्यांनी सही केली. रेखानं पत्र घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि ती बाहेर गेली.

"मी केलं," ती म्हणाली. "पिसं झडली, मी घाबरले. मी चिकटवलं. काकांना माहीत नव्हतं."

"मुक्या जिवाशी असं?" देवयानी म्हणाली. "आणि तू नर्स आहेस? पेशंटशी काय करत असशील?"

मागून कोणी म्हातारा म्हणाला, "शिकली तरी शेवटी..." त्यानंही वाक्य पुरं केलं नाही.

"जाऊ द्या, जाऊ द्या," काका हात जोडून पुढे झाले. "कबूल केलं ना तिनं? आपण मोठ्या मनानं घ्यायचं. आम्ही तिला घराबाहेर काढणार नाही. उलट तिची मुलगी येणार आहे, तिलाही ठेवून घेणार आहोत."

लोकांना गहिवरून आलं. कोणी टाळीही वाजवली. वडे संपले. पिंजऱ्यात निळ्या पायानं डोकं खरवडत होता.

कस्तुरी फेब्रुवारीत आली. तोवर निळ्याला नवी पिसं आली होती, आधीपेक्षा गडद, आधीपेक्षा देखणी. बाहेर बर्फ होतं आणि त्यावर तो असा निळा दिसायचा की पोरगी तासन् तास जाळीला नाक लावून उभी राहायची. तिला शाळा मिळाली. दोन महिन्यांत मराठीत इंग्रजी कालवायला लागली. रेखा खूष होती. खोली लहान होती, दूध अजून अळ्यांखाली होतं, पण रात्री कुशीत पोर होती.

एप्रिलमध्ये तिची एका आठवड्याची ड्युटी उलटसुलट होती, म्हणून एक शनिवार ती दिवसा घरी होती. पलंगावर पडून केस विंचरत होती. कस्तुरी जमिनीवर चित्र काढत होती.

शिट्टी आली. एक आखूड, एक लांब.

रेखा उठेपर्यंत कस्तुरी दाराबाहेर होती. पायांत चपला नाहीत, पेन्सिल हातातच. धडधड जिना. रेखा खिडकीपाशी गेली. खाली पोरगी पिंजऱ्यापुढे उभी होती, धापा टाकत, हात पाठीमागे. तिथं कोणी नव्हतं. निळ्यानं मान वाकडी केली.

पोरगी परत वर आली. गाल लाल झाले होते.

"मम्मी, मी फर्स्ट! तू हरलीस!"

"कोणी वाजवली?"

"बर्डनं. कधी बर्ड वाजवते, कधी आजोबा. ते नाही ओळखायचं. फक्त लवकर पोचायचं. आजोबा म्हणतात मी तुझ्यापेक्षा फास्ट आहे."

"केव्हापासून?"

"तू कामावर असतेस तेव्हा. मी त्यांचे शूज पण आणते. आजोबा म्हणतात, चांगली तयार झाली."

रेखानं कंगवा खाली ठेवला. पोरीच्या हातात रंगांची पेटी दिली. "आकाश रंगव. सगळं. एक पांढरा ठिपका दिसला नाही पाहिजे. मी येते."

काका आणि काकू पुढच्या खोलीत टीव्ही बघत होते. ती मागच्या दारानं बाहेर पडली. शेडमधून मूठभर शेंगदाणे घेतले, पिंजऱ्यात शिरली आणि आतून कडी लावली. निळ्या लगेच मनगटावर येऊन बसला. एक दाणा टोचून बघितला, हलका होता, फेकला. दुसरा उचलला. तुरा सपाट होता. मन लागलं होतं त्याचं.

कोणाची मान मोडायला हवी होती, हे रेखाला ठाऊक होतं. ती मान जाड होती, टीव्हीसमोर होती, आणि तिला कायदा होता. ही बारीक होती, हातावर होती. तिनं अंगठा गळ्यातल्या काळ्या पट्टीवर ठेवला. नर्सच्या हाताला जागा शोधावी लागली नाही. दाणा चोचीतच राहिला.

मग ती शेडमध्ये गेली. फ्रिज उघडला. खालच्या कप्प्यातलं कस्तुरीचं दूध बाहेर काढलं, आणि त्या रिकाम्या जागी निळ्याला ठेवलं, पंख नीट मिटून. दसऱ्याला तीस माणसांपुढे तिनं जे खोटं कबूल केलं होतं, ते आता खरं झालं होतं. आता कोणी विचारलं तर सरळ हो म्हणता येणार होतं.

दूध घेऊन ती वर आली. ग्लासात ओतलं, पोरीपुढे ठेवलं. पलंगाखालची बॅग ओढून काढली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

"आपण कुठं चाललो?"

"दूध पी."

पाऊण तासानं खाली मागचं दार वाजलं. पावलं पिंजऱ्यापर्यंत गेली. थांबली. मग शिट्टी आली. एक आखूड, एक लांब.

आता ती कोणाची, यात काही घोटाळा नव्हता.

कस्तुरी उठली. रेखानं तिची वेणी धरली आणि तिला खाली बसवलं. जरा जोरातच.

"मम्मी, आजोबा—"

"बस."

शिट्टी परत आली. मोठी. पोरीचे पाय आपोआप हलत होते, रेखानं त्यांच्यावर आपला पाय ठेवला.

तिसऱ्या वेळी काकांचा सूर फाटला. शेजारची एक खिडकी उघडल्याचा आवाज आला. मग त्यांनी पहिल्यांदाच ओरडून हाक मारली. नावानं.

"रेखा!"

ती घड्या घालत राहिली.